नोकरी आणि फ्रँचाइझी : गल्ल्यावर कोण बसणार?

(देवस्थानच्या वर्धापनदिनी महाजन कुटुंबीयांसमोर दिलेले व्याख्यान)



‘फ्रँचाइझी’ हा शब्द हल्ली घरोघरी ऐकू येतो. पोर्तुगीज शिकलेल्या जुन्या मंडळींना ‘फ्रांकिया’ हा त्याचा भाऊबंद परिचित आहे. टपालहशील हा त्याचा एक अर्थ आणि व्यापारी परवाना हा दुसरा. दोहोंच्या मुळाशी मोकळीक ही कल्पना आहे. व्यवहारात मात्र नामांकित संस्थेचे नाव वापरण्याची मोकळीक मिळते आणि बाकी सर्व बाबतींत हात बांधले जातात. माल कोठून घ्यावा, दुकान किती वाजता उघडावे, फलक कसा असावा, हे सारे करारपत्रच ठरविते. भारतात या व्यवहारासाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा यांवरच मुख्यतः भिस्त असल्याने सही करण्यापूर्वी करारपत्राचे प्रत्येक कलम वाचणे अगत्याचे ठरते.

आपल्या कुटुंबांत नोकरीची परंपरा मोठी. साहजिकच नोकरी न सोडता असे एखादे दुकान घ्यावे, पगाराला जोड मिळावी, हा विचार अनेकांच्या मनात येतो. विचार वाईट नाही; परंतु दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याने आधी पायाखालची जमीन पाहावी. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १५ अन्वये सरकारी नोकरास पूर्वपरवानगीवाचून व्यापारधंदा करता येत नाही. कुटुंबातील कोणी धंदा करीत असल्यास तेही सरकारला कळवावे लागते. खाजगी नोकरीतही नेमणूकपत्रात असेच बंधन असू शकते. तेव्हा दुकान पत्नीच्या नावावर घेतले की काम झाले, असे समजणे धोक्याचे आहे.

याहून मोठा प्रश्न गल्ल्याचा. मालक कचेरीत असताना दुकानात बसणार कोण?

एक हिशेब मांडून पाहू. समजा, दुग्धपदार्थांच्या एका छोट्या केंद्रात दोन लाख रुपये गुंतविले. महिन्याची विक्री तीन लाख आणि त्यावर सरासरी दहा टक्के सूट, म्हणजे तीस हजारांची प्राप्ती. भाडे दहा हजार, वीज चार हजार, नोकराचा पगार बारा हजार. उरले चार हजार. तेच दोन लाख सहा टक्के व्याजाने ठेवले असते, तर महिन्याला एक हजार घरबसल्या मिळाले असते. म्हणजे खरी कमाई तीन हजारांची; त्यातूनच नासलेला माल आणि शीतकपाटाची दुरुस्ती भागवायची.

आता नोकर न ठेवता गृहिणी स्वतः सकाळी सहापासून दुकानात उभी राहिली, तर वहीत सोळा हजार शिल्लक दिसतात. घरधनी समाधानाने म्हणतो, “धंदा चांगला चालला आहे.” वस्तुतः त्यांतले बारा हजार ही त्या माउलीची मजुरी आहे. ती वहीत कोठेही लिहिली जात नाही, म्हणूनच नफा दिसतो. तिने आजारपणात आठवडाभर अंथरूण धरले, की हा नफा किती खरा होता ते उघड होते.

गोव्यात तर या गोष्टीला कायद्याचीही बाजू आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या समाईक संपत्तीच्या पद्धतीत, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसल्यास, पती-पत्नी संपत्तीचे निम्मे-निम्मे भागीदार असतात. आयकराच्या बाबतीतही अशा दांपत्याचा पगार ज्याचा त्याचा धरतात. धंद्याचे उत्पन्न मात्र दोघांत सारखे विभागले जाते. कायदा जिला भागीदार मानतो, तिला घरात ‘मदतीला असते’ असे म्हणणे कितपत न्याय्य आहे?

यासाठी दूरचा आदर्श शोधण्याचे कारण नाही. आपल्या देवस्थानांचा कारभार १८८६ च्या माझानी नियमावलीपासून लेखी चालत आला आहे. समितीवरील महाजन आपापला नोकरीधंदा सांभाळूनच सेवा करतात. देवालय मात्र रोज उघडते, कारण तेथे पुजारी आणि सेवेकरी हजर असतात. आणि कोणाची सेवा कोणती व तिचा मोबदला काय, हे लिहून ठेवलेले असते. अध्यक्ष गैरहजर असला तरी नंदादीप विझत नाही.

हीच रीत दुकानाला लावावी. करारपत्र पत्नीसमवेत वाचावे. तिचा पगार पहिल्या महिन्यापासून वहीत मांडून तिच्या स्वतःच्या खात्यात भरावा. तो दिल्यावरही काही उरत असेल, तर धंदा खरा. उरत नसेल, तर तो धंदा नसून घरच्या माणसाच्या कष्टांवर चाललेला उसना डौल आहे, हे ओळखून वेळीच हात आखडता घ्यावा. आणि तिला ते काम करावयाचेच नसेल, तर तेही प्रथमच विचारून घ्यावे. आजवर हा प्रश्न फारच थोड्या घरांत विचारला गेला आहे.

श्रींच्या कृपेने सर्वांच्या उद्योगास यश लाभो, आणि त्या यशाच्या वहीत प्रत्येकाचे नाव असो.