वांकडें पाऊल आणि घरच्यांचा धीर



हजार मुलांमागें साधारण एक मूल वांकडें पाऊल घेऊन जन्मास येतें. टांच वर ओढलेली, पुढचा भाग आंत वळलेला आणि तळवा दुसऱ्या पायाकडे फिरलेला, असें तें पाऊल पाहून घर सुन्न होतें. मग कुजबूज सुरू होते : सुनेनें ग्रहण पाळलें नसेल! या बोलण्यांत तिळमात्र तथ्य नाहीं. बहुतेक मुलांत या व्यंगाचें नेमकें कारण वैद्यकास उमगलेलें नाहीं. कांहीं घराण्यांत तें पुन्हां दिसतें, मुलींपेक्षां मुलांत अधिक आढळतें. आईचा त्यांत कांहींही अपराध नसतो, हें प्रथम सांगितलें पाहिजे.

उपचार न झाल्यास मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालूं लागतें, तेथें घट्टे पडतात, आणि कवायतीच्या तासाला तें भिंतीशीं बसून राहतें. तेलाच्या मालिशीनें हें पाऊल सरळ होत नाहीं.

मग होतें कशानें? इग्नासिओ पोन्सेती हे १९१४ सालीं स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मले. त्यांचे वडील घड्याळें दुरुस्त करीत. स्पेनमधील यादवी युद्धांत जखमींची शुश्रूषा करून ते पुढें अमेरिकेंत आयोवा येथें स्थायिक झाले. मोठ्या शस्त्रक्रियेनें सरळ केलेलीं पाउलें पुढें ताठर व दुखरीं होतात, हें पाहून त्यांनीं निराळा मार्ग धरिला. तान्ह्या मुलाचे अस्थिबंध लवचिक व हाडें कोंवळीं असतात. त्यांना बळानें नव्हे, क्रमानें वळवावें, हें त्यांचें सूत्र. त्यांनीं आपले निष्कर्ष १९६३ सालीं प्रसिद्ध केले. तथापि जगानें ही पद्धति मनापासून स्वीकारण्यास आणखी सुमारें तीन तपें लागलीं.

जन्मानंतर पहिल्या कांहीं आठवड्यांतच उपचारास आरंभ करणें उत्तम. डॉक्टर पाऊल हळुवार हातानें थोडें वळवितात आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लॅस्टर घालतात. आठवड्यानें तें काढून, आणखी थोडें वळवून, दुसरें घालतात. अशीं पांच-सहा प्लॅस्टरें बहुधा पुरतात. टांच खालीं आणण्याचें काम शेवटीं करावयाचें असतें. त्यासाठीं बहुतेक मुलांत टांचेमागची कंडरा, केवळ तेवढा भाग बधिर करून, बारीकशा छेदानें मोकळी करितात. शेवटचें प्लॅस्टर तीन आठवडे राहतें; तेवढ्या अवधींत ती पुरेशा लांबीनें पुन्हां सांधते.

पाऊल आतां सरळ दिसतें. पेढे वांटले जातात. खरी परीक्षा येथून पुढें असते. दोन बूट एका दांडीनें जोडलेला पट्टा पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, आणि नंतर मूल चार वर्षांचें होईपर्यंत रात्रीं व दुपारच्या झोपेच्या वेळीं घालावा लागतो. तो सोडला कीं पाऊल पुन्हां वळूं लागतें. व्यंग उलटण्याचें सर्वांत मोठें कारण हेंच आहे. प्रारंभीं मूल रडतें. आजीचा जीव तुटतो, आणि "आज एक रात्र राहूं द्या" असे शब्द निघतात. एका रात्रीच्या दोन रात्री होतात, आणि डॉक्टरांची महिन्यांची मेहनत वायां जाते. मात्र बूट घांसून कातडीस फोड आला, तर पट्टा फेंकून न देतां डॉक्टरांकडे जावें.

आपल्या देशांत २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत ज्या जन्मजात व्यंगांची तपासणी होते, त्यांत वांकड्या पावलाचाही समावेश आहे. तेव्हां उपचार दुर्मिळ नाहीं; दुर्मिळ आहे तो चार वर्षें टिकणारा नेम. ज्या घरीं असें मूल असेल, तेथें सुनेस बोल लावण्याऐवजीं रात्रीं तिच्या हातांतील पट्टा कोणी तरी आपल्या हातीं घ्यावा. रोजची उजळणी चुकविणाऱ्यास पाढे येत नाहींत, हें आम्ही शिक्षकांनीं आयुष्यभर सांगितलें. पावलाचेंही तसेंच आहे.