दृष्टीविना तोल



कायोत्सर्गात देह निश्चल असावा, हे सर्वश्रुत आहे. तथापि अन्नत्थ सूत्राने श्वास, खोकला, शिंक, चक्कर यांबरोबर अंगाच्या सूक्ष्म हालचालींनाही सूट दिलेली आहे. उभा देह पूर्णपणे स्थिर राहूच शकत नाही, हे पूर्वाचार्यांनी जाणले होते. तो क्षणोक्षणी किंचित झुकतो आणि सावरतो.

हे सावरणे तीन साक्षींवर चालते : डोळे, आंतरकर्णातील तोलाचे इंद्रिय, आणि तळपाय, घोटे व सांधे यांतील संवेदना. पाय जुळवून डोळे मिटले की निरोगी माणूसही अधिक डुलतो. १९ व्या शतकातील जर्मन वैद्य रोम्बर्ग यांच्या नावाची परीक्षा याच रीतीने आजही घेतली जाते.

दृष्टिहीन मुलाला पहिली साक्ष मिळतच नाही. म्हणून तो पाय फाकवून उभा राहतो, आखूड पावले टाकतो, पाय घासत चालतो. पाहणाऱ्यास ते दौर्बल्य वाटते. खरे तर ती त्याने स्वतः शोधलेली सावधगिरी होय. मऊ गादीवर उभे केले, की तळपायाची साक्षही डळमळते आणि अडचण उघड होते.

येथे थोडे अप्रिय बोलणे प्राप्त आहे. हा तोल अंधत्वाने जातो, तसा मायेनेही जातो. ‘पडशील, बैस’ म्हणून ज्याला बालपणापासून खुर्चीत बसविले, त्याचे घोटे शिकणार कधी? उरलेल्या दोन साक्षी सरावानेच तल्लख होतात.

दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने दृष्टिहीन मुलामुलींना मल्लखांब शिकविला आहे. गोलबॉल हा खेळ तर दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये निघाला आणि १९७६ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. चेंडूत घुंगरू असतात. खेळाडू आवाजाच्या रोखाने जमिनीवर अंग झोकून तो अडवितात. ज्या पडण्याचे घरच्यांना भय, तेच तेथे कौशल्य ठरते!

वाढदिवसानिमित्त अंधशाळेत मिष्टान्न देण्याची प्रथा स्तुत्यच आहे. पण त्या पंगतीतही मूल बसूनच असते. त्या निधीतील काही भाग गाद्या, घुंगरांचे चेंडू आणि नियमित येणारा व्यायामशिक्षक यांकडे वळविता येईल. हिशेबात हे सहज बसेल. मात्र ‘त्याला थोडे पडू द्या’ असे पालकांच्या घरी जाऊन सांगण्याचे काम कोणी करावयाचे, हे विश्वस्त मंडळाने येत्या बैठकीत ठरवावे.

जय जिनेंद्र.