तीस अंश, पण कुणाच्या नजरेतून?

लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून देतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझं खोकणं काढलंय.

आजची गोष्ट माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली. रिले टेस्टिंगला मी अगदी नवीन होतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं ३३/११ केव्हीचं उपकेंद्र चालू करायचं होतं. ट्रान्सफॉर्मर १० एमव्हीएचा, त्याच्या रक्षणाला डिफरन्शियल रिले, आणि त्या रिलेत सेटिंग भरणारा मी.

हा रिले करतो काय? समजा, एका सोसायटीला दोन गेटं आहेत. दोन्हीकडे वॉचमन. नियम एकच: आत येणारा अधिक, बाहेर जाणारा वजा. पुढच्या गेटने १०० आले, मागच्या गेटने १०० गेले, बेरीज शून्य. सगळं ठीक. बेरीज शून्य आली नाही, तर आत काहीतरी गडबड आहे. रिले हीच बेरीज सतत करत असतो, माणसांऐवजी करंटची.

यातले वॉचमन म्हणजे सीटी, करंट ट्रान्सफॉर्मर. मोठा करंट लहान करून ते रिलेला देतात. आमच्याकडे ३३ केव्ही बाजूचा पूर्ण भाराचा करंट १७५ अँपिअर आणि सीटी २००/१, म्हणजे रिलेला मिळणार ०.८७५. ११ केव्ही बाजूला ५२५ अँपिअर आणि सीटी ६००/१, म्हणजे पुन्हा ०.८७५. आकडे जुळले, मी खूश.

पण वॉचमनचा 'अधिक' कुठल्या दिशेला, हेही रिलेला सांगावं लागतं. सीटीचा स्टार पॉइंट ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला की बसबारच्या बाजूला, असं एक सेटिंग असतं. ते मी ड्रॉइंग बघून भरलं. पॅनेल उघडून, वायर हातात धरून बघितलं नाही.

मग टेस्ट किटने रिलेच्या टर्मिनलवर करंट सोडून टेस्ट घेतली. सगळं पास. होणारच ना! किट रिलेच्या दारातून करंट देतं. बाहेर सीटी सरळ बसलाय की उलटा, ते त्याला कळायला मार्गच नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रान्सफॉर्मर चार्ज केला. थोडा भार आला, साधारण ६०० केव्हीए. मी रिलेच्या स्क्रीनवर अँगल बघितले. आता एक लक्षात घ्या, अँगल एकट्याचा कधीच नसतो. कुणाला तरी शून्य धरायचं आणि बाकीच्यांना त्याच्यापासून मोजायचं. इथे ३३ केव्हीच्या आर फेजचा करंट शून्य धरला होता. ११ केव्हीचा आर फेज दिसत होता ३० अंश पुढे.

ट्रान्सफॉर्मर होता डीवायएन ११. पुस्तकात पाठ केलेलं, की यात ११ केव्हीची बाजू ३० अंश पुढे असते. स्क्रीनवरही ३०! मी रिपोर्टवर 'ओके' लिहून चहाला गेलो.

संध्याकाळी कारखान्याचे कॉम्प्रेसर सुरू झाले. भार १ एमव्हीएच्या वर गेला आणि धाडकन दोन्ही ब्रेकर पडले. लॉकआउट रिले बसला. अख्खं शेड अंधारात. मॅनेजर धावत आले, "साहेब, रिले बायपास करा, माझा माल अडकलाय!" खरं सांगतो, मी हो म्हणणार होतो.

आमचे सीनियर, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, ते शांतपणे म्हणाले, "आत खरंच फॉल्ट असेल तर? डिफरन्शियलशिवाय मी हा ट्रान्सफॉर्मर चालवणार नाही." बुखोल्झ बघितला, काही नाही. तेलाचं तापमान नॉर्मल. रिलेतलं रेकॉर्ड काढलं, तर दोन्ही बाजूंचे करंट प्रमाणात अगदी सारखे. मग त्यांनी माझा रिपोर्ट हातात घेतला.

"तीस अंश म्हणतोस. पण कुणाच्या नजरेतून?"

मला कळेना. ते म्हणाले, "अरे, आपला रिले दोन्ही बाजूंना आत येणारा करंट अधिक धरतो. भार चालू असताना करंट एकीकडून आत येतो, दुसरीकडून बाहेर जातो. म्हणजे ३० मध्ये अजून १८० मिळव. इथे २१० दिसायला हवं होतं."

पुस्तकातले ३० अंश खरे होते, पण ते करंट ट्रान्सफॉर्मरमधून आरपार जातोय असं धरून. माझा मागचा वॉचमन बाहेर जाणाऱ्यांना 'अधिक' म्हणत होता. त्यामुळे रिले वजाबाकीऐवजी बेरीज करत होता. पिकअप होता पूर्ण भाराच्या २० टक्के. सकाळी भार ६ टक्के, रिलेला फरक दिसला १२, म्हणून तो गप्प. भार १० टक्क्यांच्या वर गेला, फरक २० ओलांडून गेला आणि ट्रिप.

पॅनेल उघडलं. ११ केव्हीच्या सीटीचा स्टार पॉइंट ड्रॉइंगच्या बरोबर उलट बाजूला. सेटिंग बदललं, ड्रॉइंगवर लाल पेनने दुरुस्ती केली. पुन्हा चार्ज केलं, भार दिला. अँगल २१०, फरक जवळपास शून्य. तेव्हा कुठे कॉम्प्रेसर सुरू झाले.

हे आधीच सापडलं असतं. ११ केव्हीची बाजू शॉर्ट करून ३३ केव्हीच्या बाजूला साधा ४१५ व्होल्टचा थ्री-फेज सप्लाय दिला, की अशा ट्रान्सफॉर्मरमधून २०-२५ अँपिअर वाहतो. याला स्टेबिलिटी टेस्ट म्हणतात. अर्धा दिवस वाचवायला आम्ही ती टाळली होती.

या कामात येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. स्क्रीन बघायच्या आधी कागदावर लिहा, कुठला अँगल किती यायला हवा. संदर्भ कुठला, अधिक दिशा कुठली, तेही लिहा. काही रिले मागे पडणारा अँगल अधिक धरतात, काही पुढे जाणारा. मॅन्युअलमधलं ते पान शोधून वाचाच. आणि एक जिवाची गोष्ट: भार चालू असताना सीटीची सेकंडरी कधीही उघडायची नाही. तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो.

मी अजूनही आधी कागदावरच लिहितो. तुमच्या साइटवर असं काही घडलं असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!