दिंडीची गाडी



शंभर वर्षांचा इतिहास सांगायला इथं जाणती मंडळी बसलेली आहेत. आमची चौथी इयत्ता. आम्हाला म्हणाले, तुम्ही गाडीवर बोला. कारण दिंडीची ओम्नी आम्हीच घेतली, आणि फसलो तेही आम्हीच.

पूर्वी वाटेत कुणाला ताप भरला की ट्रकात, तंबूच्या बांबूंवर गोधडी टाकून निजवायचे. ते बघवत नव्हतं. म्हणून वर्गणीतून जुनी ओम्नी घ्यायचं ठरलं. मधली सीट काढली की माणूस आडवं निजतं, आणि दार सरकतं असल्यामुळं गर्दीतही उघडतं.

बैल घेताना आम्ही दात बघतो, खांदा चाचपतो, औताला जुंपून बघतो. गाडी घेताना मात्र नुसता रंग बघितला. ऑइलची पट्टीसुद्धा ओढून पाहिली नाही! विकणाऱ्याच्या गळ्यात माळ होती, तिच्यावरच भाळलो.

पहिल्याच वारीला दिवे घाट. माणसांच्या पायानं गाडी चालवायची, म्हणजे पहिला गेर सुटत नाही आणि रेडिएटरला वारं लागत नाही. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. बूड भाजायला लागलं तेव्हा काट्याकडं बघितलं, तर तो लालमध्ये. गाडी बंद पडली. आत आक्का, दम्यानं बेजार झालेल्या. आम्ही घाईनं रेडिएटरचं झाकण फिरवलं, तशी उकळत्या पाण्याची चिळकांडी मनगटावर. हा डाग बघा. तापलेलं झाकण उघडायचं नसतं, अर्धा तास तरी थांबायचं असतं, हे तेव्हा कळलं. त्या वर्षी पंढरपूरपर्यंत हातात टाळ धरता आला नाही.

आक्का दुसऱ्या दिंडीच्या टेम्पोतून सासवडला पोचल्या. आम्हाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सासवडच्या मिस्त्रीनं ऑइलचं झाकण काढून दाखवलं. ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं. म्हणाला, "महाराज, हेड गॅस्केट गेलंय, पाणी ऑइलात उतरतंय. हे आजचं न्हाई, जुनं दुखणं हाय." हेड उतरवून लेथवर सपाट करून घेतलं, गॅस्केट बदललं, ऑइल दोनदा काढून टाकलं.

गावी आल्यावर बैठकीत काहीजण म्हणाले, रंग चांगला आहे तोवर विकून टाकू. आम्ही म्हणालो, कुणाला विकायची? आपल्यासारख्याच कुणाला ना? मग विषय मिटला. आम्ही घरची कालवड विकून तो खर्च भागवला, दिंडीच्या वहीत लिहू दिला नाही. घरात दोन दिवस चूल बोलत नव्हती, ते जाऊ द्या.

आता ज्येष्ठ लागला की रेडिएटर धुवायचा, होज पाईप दाबून बघायचे, चिरला असेल तर लगेच बदलायचा, पंखा फिरतो का ते गाडी तापवून बघायचं. पुणे-सासवड टप्प्याला दुखणाईत माणसं घेऊन गाडी पहाटेच पुढं सोडतो. त्या घाटानंतर ती वाटेत उभी राहिलेली नाही.

गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा पुन्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली. ती मुदत यंदा संपते. तरुण मंडळी म्हणतात, भंगारात घाला, नवी घेऊ. त्यांचंही खरं आहे, पत्रा खालून कुजलाय. पण नवीचे पैसे जमेपर्यंत आक्कांच्या वयाच्या अकरा बाया आपल्या दिंडीत आहेत. तेव्हा या आषाढीला हीच चालवू.

सरकतं दार मात्र अडतंय. ज्याच्या घरी ग्रीस असेल त्यानं प्रसाद घेऊन जरा थांबा, रूळ पुसून घेऊ.