कोडचं कोठार

आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये माझी नोकरी झाली. पीठ, डाळ, रॉकेल, डिझेल पुढच्या चौक्यांवर वेळेत पोचवायचं, हे काम. आमच्या कोअरचं केंद्र इथे बंगळुरूत आहे, म्हणून निवृत्तीनंतर इथेच राहिलो. हल्ली भाच्याच्या सॉफ्टवेअर टीमचा पॅकेज सर्व्हर सांभाळतो. काम तेच, फक्त पोती नाहीत.

आजचं सॉफ्टवेअर इतरांनी लिहिलेल्या शेकडो तयार तुकड्यांवर उभं असतं. ही पॅकेजेस एनपीएम, पायपीआय अशा सार्वजनिक भांडारांतून येतात. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं, अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या कर्त्याने वादातून काढून घेतलं आणि जगभर प्रकल्प अडले. ज्याने हिवाळ्यात झोजिला बंद झालेला पाहिलाय, त्याला यात नवल वाटणार नाही. लडाखचा साठा उन्हाळ्यातच वर चढवावा लागतो.

म्हणून ऑफिसात स्वतःचा कॅशिंग सर्व्हर. जावास्क्रिप्टसाठी व्हर्डाचिओ, पायथॉनसाठी डेवपी. दोन्ही मोफत. पहिल्याने पॅकेज मागितलं की सर्व्हर ते बाहेरून आणतो आणि एक प्रत ठेवून घेतो. पुढच्यांना घरातूनच मिळतं. वेळ वाचला, इंटरनेट वाचलं, म्हणून लोक खूश होतात आणि तिथेच थांबतात.

पण कोठारात खराब पीठ शिरलं, तर ते आपणच सगळ्या पलटणीला वाढतो! सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक, डीबग या अतिशय लोकप्रिय पॅकेजेसच्या सांभाळकर्त्याला फसवी ईमेल पाठवून चोरांनी विषारी आवृत्त्या घुसवल्या. काही तासांत त्या एनपीएमवरून हटल्या. तेवढ्यात तुमच्या सर्व्हरने प्रत घेतली असेल, तर ती मात्र तुमच्याकडे तशीच राहते. बाहेर सगळं निवळलेलं, आत वाटप चालू.

म्हणून आमच्याकडे नवी आवृत्ती आठवडाभर दाराबाहेर उभी राहते. भाचा कुरकुरतो, "मामा, हे मिलिटरी कॅन्टीन नाही." नसेना. सुरक्षेची तातडीची दुरुस्ती असेल तर लगेच घेतो, पण कोणी घेतली त्याची सही हवी. आणि वाईट बातमी आली की साठ्यातून ती प्रत कोण काढणार, त्याचं नाव आधीच ठरलेलं असतं.

घरच्या पॅकेजेसचं वेगळं. २०२० मध्ये ॲलेक्स बिर्सन या संशोधकाने कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजेसची नावं वापरून, मोठा आवृत्ती क्रमांक देऊन, आपली पॅकेजेस सार्वजनिक भांडारांत ठेवली. ॲपल, मायक्रोसॉफ्टसारख्यांच्या यंत्रणांनी ती उचलली. तेव्हा आपल्या नावांसाठी सर्व्हरने बाहेर विचारायलाच जायचं नाही. व्हर्डाचिओच्या सेटिंगमध्ये त्या नावांपुढची प्रॉक्सीची ओळ काढली की झालं.

महिन्यातून एकदा मी सर्व्हरची बाहेरची वायर काढतो आणि कोऱ्या मशीनवर पूर्ण प्रकल्प बांधायला लावतो. गेल्या वेळी तीन पॅकेजेस मिळाली नाहीत. त्यातलं एक आमचंच होतं, कोणाच्या तरी लॅपटॉपवर.