संगणकशास्त्राची मुळाक्षरे

(नवी पेठ, सोलापूर येथे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



संगणकशास्त्र हे इंग्रजीत शिकलेल्यांचेच शास्त्र आहे, अशी धास्ती खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला वाटते. सोलापुरी चादरीकडे नीट पाहिले, तर ती ओसरेल.

चादरीवरील नक्षी जकार्ड मागावर विणली जाते. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जकार्ड यांनी सिद्ध केलेल्या या मागाला छिद्रे पाडलेले पुठ्ठे लावीत. छिद्र असेल तेथे ताण्याचा धागा उचलला जाई; नसेल तेथे तो खालीच राही. हीच युक्ती पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. संगणकातील १ आणि ० म्हणजेही असेच ‘आहे’ व ‘नाही’. अशा आठ स्थानांत २५६ निरनिराळ्या रचना होतात.

दुसरे तत्त्व रीतीचे. वर्णानुक्रमे लावलेल्या १,००० नावांच्या यादीत एक नाव शोधावयाचे आहे. पहिल्यापासून पाहिल्यास कदाचित हजारही नावे पाहावी लागतील. मधले नाव पाहून दर वेळी नको तो अर्धा भाग सोडला, तर फार तर दहा नावांत काम होते. यंत्र तेच, फरक विचाराचा.

यंत्रे आणि आज्ञावलीच्या भाषा बदलतात. ही तत्त्वे टिकतात. म्हणून विद्यार्थ्यांनी आधी कागद-पेन्सिल हाती घ्यावी. शिक्षकांनी तत्त्व प्रथम मराठीत समजावून द्यावे. इंग्रजी संज्ञा मागून येतील. केवळ भाषेच्या भीतीने विणकराच्या मुलाला या शास्त्राचे दार बंद राहू नये.