पुढे १८५, मागे २१५: जुन्या पोर्शेच्या टायरांनी मला काय शिकवलं

आज बोलायचंय टायरवर. हो, टायरवर. लगेच स्किप करू नका, कारण चुकीचे टायर निवडून मी माझ्या मामाला जवळजवळ दरीत घातलं होतं.

मामा राहतो जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. त्याच्याकडे १९८० ची पोर्शे ९११ एससी आहे. मी तिकडे शिकायला होतो तेव्हा शनिवार-रविवार त्या गाडीखालीच जायचा. टायर बदलायला आले, तेव्हा मामा म्हणाला, "तू बघ रे, तुला कळतं त्यातलं." मला वाटायचं की मला कळतं!

त्या गाडीला कंपनीचे टायर होते पुढे १८५/७० आणि मागे २१५/६०, दोन्हीकडे १५ इंची रिम. मागची साइज काही पटकन मिळेना. मग मला २०५/६० चा चार टायरांचा सेट स्वस्तात मिळाला. म्हटलं, चारही सारखे, पुढून गाडी रुंद दिसेल, काम झालं! तिकडे गाडीच्या कागदांवर टायरची साइज लिहिलेली असते. वेगळी साइज घातली तर ती तपासून नोंदवून घ्यावी लागते. तेही मी 'नंतर करू' म्हणून सोडलं.

मग ऑक्टोबरमधला एक रविवार. ब्लॅक फॉरेस्टमधला घाटरस्ता, पाऊस, रस्त्यावर पानं. गाडी मी चालवत होतो. एका वळणात वेग जास्त वाटला म्हणून मी दचकून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. पुढच्या क्षणी गाडीचं मागचं टोक पुढे यायला निघालं. आम्ही गरकन फिरलो आणि उलट्या दिशेला तोंड करून कठड्याच्या अलीकडे थांबलो. समोरून कुणी आलं नाही, हे नशीब. मामा एवढंच म्हणाला, "गाडी बंद कर. आधी खाली उतर."

आता हे झालं का? ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. साधारण साठ टक्के वजन मागे, चाळीस पुढे. वळणात ते मागचं वजन बाहेर जायला बघतं. अशात पाय काढला की भार पुढे सरकतो, मागची चाकं हलकी होतात आणि पकड सुटते. हातोडीचा दांडा धरून हातोडी फिरवून बघा, जड बाजू कुठे जाते ते कळेल.

पोर्शेला हा त्रास सुरुवातीपासून माहीत होता. पहिल्या ९११ ला चारही टायर एकाच साइजचे होते, १६५ चे. मग काही गाड्यांमध्ये तोल साधायला पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत ओतीव लोखंडाची वजनं बसवली. १९६९ च्या मॉडेलपासून पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं. आणि १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ ला पुढे सहा इंची रिमवर १८५, मागे सात इंची रिमवर २१५ टायर दिले. तीच जोडी पुढे एससीला आली. म्हणजे मागचा टायर रुंद आहे तो शायनिंगसाठी नाही. मागची पकड पुढच्यापेक्षा जास्त राहावी, म्हणून आहे.

मी काय केलं? पुढची पकड वाढवली, मागची कमी केली. कंपनीने जे वर्षानुवर्षं सुधारलं, ते मी एका दुपारी उलटं फिरवलं. रस्ता ओला होता, मी नवखा होतो, सगळा दोष टायरचा नाही. पण चूक झाल्यावर सावरायला जी थोडी जागा मिळते, ती मीच काढून घेतली होती.

आता गंमत बघा. १८५/७० म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, आणि टायरच्या भिंतीची उंची तिच्या ७० टक्के, म्हणजे १२९.५. तिची दुप्पट अधिक १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर, एकूण ६४०. हाच हिशोब २१५/६० चा करा: ६३९! रुंदी वेगळी, उंची जवळपास तीच. याच गाडीला मिळणाऱ्या १६ इंची जोडीचं, २०५/५५ आणि २२५/५० चं, गणितही असंच जुळतं, दोन्ही ६३२ च्या आत-बाहेर. उंची बदलली की गिअरिंग बदलतं आणि स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो.

म्हणून माझे नियम आता साधे आहेत. पुढचा आणि मागचा टायर ही जोडी आहे, एकटा बदलायचा नाही. आधी कंपनीची साइज बघायची, मग रिमची रुंदी, मग वेगाचं अक्षर. एच म्हणजे ताशी २१० पर्यंत, व्ही म्हणजे २४०. शेवटी तारीख. टायरवर चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्यात धरत नाही.

तुमच्याकडे पोर्शे नसेल, माझ्याकडेही नाही! पण बाइकला मागे एक साइज मोठा टायर टाकणारे आपल्यात भरपूर आहेत. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो चिमटला जातो, त्याचा गोलवा बदलतो आणि बाइक वळणात वेगळी वागते. टाकण्याआधी एकदा मॅन्युअल उघडा.

आम्ही पाच आठवडे थांबून मूळ साइजचे टायर मागवले. वसंतात त्याच घाटात पुन्हा गेलो. या वेळी गाडी मामा चालवत होता. त्या वळणावर त्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. मीही नाही बोललो.

चला, भेटूया पुढच्या भागात. सांभाळून चालवा.